हंसराज ओळखायचा कसा?

नेचा, म्हणजे फर्न, दिसला की मी आधी देठ बघते. घोड्याच्या शेपटीतल्या केसासारखा काळा, चकाकणारा असेल तर तो हंसराज, म्हणजे अ‍ॅडिअँटम, असू शकतो. पण तेवढ्यावर नाव ठोकू नका. मी एकदा ठोकलं आणि तोंडघशी पडले. काळा देठ चेइलँथस नावाच्या दुसऱ्या नेच्यालाही असतो.

मग पानावर पाणी शिंपडा. थेंब पाऱ्यासारखे घरंगळतात, पान कोरडं ते कोरडंच. नावही त्यावरूनच पडलंय: ग्रीकमध्ये ‘अ‍ॅडिअँटोस’ म्हणजे न भिजणारा.

खरी खूण मात्र पानाच्या पाठीवर. जून झालेली पर्णिका, म्हणजे पानातलं एक छोटं पान, उलटी करा, भिंग घ्या. कडा जागोजागी आत दुमडलेली दिसेल, खिशाच्या झाकणासारखी. सुईच्या टोकाने ते झाकण हळूच उचला. कडा दुमडणाऱ्या इतर नेच्यांत बीजाणुधानी, म्हणजे बीजाणूंच्या इवल्या पिशव्या, पानावर असतात आणि कडा त्यांना नुसती पांघरते. इथे त्या चक्क झाकणाच्याच आतल्या अंगाला चिकटलेल्या असतात. हे दिसलं की वाद मिटला. कोवळ्या पानावर शोधत बसू नका, उगाच डोळे शिणतील.

शिराही बघून घ्या. पंख्याच्या काड्यांसारख्या दुभंगत त्या कडेपर्यंत जातात; पर्णिकेला मधली ठळक शीर बहुधा नसतेच.

जाती दोनशेच्या वर आहेत, त्यामुळे पुढचं काम किचकट. माझी लाडकी फिलिपेन्स. तिच्या पानाचं टोक कधी कधी शेपटीसारखं लांबतं, जमिनीला टेकतं आणि तिथेच मुळं धरून नवं रोप उभं राहतं.