भरतीची वेळ धरून: शरदातल्या ठाणे खाडीची तयारी

खाडीवर पक्षी बघायला जायचं ठरलं की आपण आधी रविवार ठरवतो, मग कोण कोण येतंय ते विचारतो, मग दुर्बीण शोधतो. पाणी कुठे असेल हे तिथे पोचल्यावर कळतं. हा क्रम उलटा करा. पहिलं पाणी बघा, मग जागा ठरवा, मग वार, आणि बरोबरची माणसं शेवटी.

पाण्याचा हिशोब घरच्या दिनदर्शिकेवरही होतो. तिथीला पाऊणने गुणायचं, की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची ढोबळ वेळ हाती येते. अष्टमीला सहाच्या सुमारास, द्वादशीला नवाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकत जाते. मोबाइलवर मुंबईचं भरतीचं वेळापत्रक मिळतंच, निघण्यापूर्वी त्यावर खात्री करा. फक्त ते अपोलो बंदराचं असेल तर खाडीत वर, ऐरोलीकडे, पाणी त्याहून जरा उशिरा चढतं हे ध्यानात ठेवा. तिथीचा दुसरा उपयोग म्हणजे पाण्याचा जोर कळतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला गाळ पार झाकला जातो. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी जोराच्या भरतीला, पाणी अर्धवटच चढतं, काही गाळ उघडा राहतो आणि पक्षी जागचे फारसे हलत नाहीत.

एवढा खटाटोप कशासाठी, तर किनाऱ्यावर उतरणाऱ्या पक्ष्यांचा दिवस सूर्यावर नाही, पाण्यावर चालतो. ओहोटीला खाडीचा गाळ उघडा पडतो आणि त्यातले किडे, शिंपले, बारीक खेकडे टिपायला ते लांबवर पांगतात. गाळ बुडला की पाय टेकायला जागा उरत नाही. मग थवेच्या थवे उठतात आणि आतल्या पाणथळींवर येऊन बसतात: नेरूळ-सीवूड्सकडचं, दिल्ली पब्लिक स्कूलजवळचं डीपीएस तळं, एनआरआय संकुलामागची आणि चाणक्य संस्थेजवळची पाणथळ, उरणकडे पाणजे, भेंडखळ, बेलपाडा. तिथे ते पिसं साफ करतात, एका पायावर डुलक्या घेतात आणि पाणी उतरायची वाट बघतात. म्हणून ओहोटीचा दिवस असेल तर खाडीकाठ गाठायचा, भरतीचा असेल तर या आतल्या जागा. ज्याला हे उमगलं त्याची निम्मी तयारी झाली.

माझ्या मते नवशिक्यांसाठी सगळ्यात चांगला दिवस एकादशी ते त्रयोदशीमधला. भरती सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान येते, ऊन चढायच्या आत. पूर्ण भरतीच्या दोन तास आधी जागेवर असलात तर चढतं पाणी पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं; तुम्हाला एक पाऊलही पुढे टाकावं लागत नाही. कोजागरीच्या सकाळी मात्र सूर्योदयाला ओहोटी असते आणि पक्षी पार मध्यावर. त्या दिवशी नऊ-साडेनऊपर्यंत धीर धरायचा किंवा टेलिस्कोप असलेल्या कुणाला तरी सोबत घ्यायचं. दिशेचंही बघा. नवी मुंबईचा किनारा खाडीच्या पूर्वेला, त्यामुळे सकाळी सूर्य पाठीशी आणि पक्षी उजेडात. संध्याकाळी तिथेच उभं राहिलं तर नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात.

अपेक्षांची तयारीही करून ठेवा, विशेषतः मुलांना नेणार असाल तर. सप्टेंबर-ऑक्टोबरात गुलाबी खाडी दिसणार नाही. रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, मोठ्या संख्येने जमतात ते थंडी पडल्यावर आणि पुढे मे महिन्यापर्यंत. शरद ऋतू आहे तो चिखलातल्या छोट्या, करड्या-तपकिरी पाहुण्यांचा. मला विचाराल तर खरी नवलाई यांचीच. लिटल स्टिंट नावाचा चिमुकला पक्षी भरतो वीस-तीस ग्रॅम, आणि येतो उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातून. सँड प्लोव्हर हिमालयापलीकडच्या उंच पठारांवर अंडी घालून इथे परततात. ब्लॅक-टेल्ड गॉडविट, कर्ल्यू सँडपायपर, रेडशँक, तुतारी, लांब वाकड्या चोचीचा कुरल, हे सगळे मध्य आशियाई हवाईमार्गाचे प्रवासी. ऑगस्टपासून आधी प्रौढ पक्षी उतरतात. त्यांच्या अंगावर विणीच्या काळातला विटकरी रंग अजून डागाडागांनी शिल्लक असतो. मागून, सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्या वर्षीची पिल्लं येतात. त्यांच्या पाठीवरची पिसं कोरी आणि फिकट काठाची असतात, खवल्यांसारखी ओळीत बसलेली. आईबाप आधीच निघून आलेले असताना या पिल्लांनी हा रस्ता बहुधा पहिल्यांदाच आणि मोठ्यांच्या सोबतीशिवाय कापलेला असतो. मुलांना हे सांगा आणि मग दुर्बीण हातात द्या.

दुर्बीण आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुरे. दहापट मोठं दाखवणारी घेतली तर हात थरथरतात आणि चित्र हलतं, खाडीवर वारं असतं म्हणून अधिकच. नवी विकत घेण्याआधी एक-दोनदा कुणाची तरी वापरून बघा. आदल्या दिवशी पट्टा गळ्यात घालून, दोन्ही डोळ्यांचं फोकस लावून गॅलरीतून समोरच्या तारेवरच्या भिंगरीवर सराव करा. थवा उडत असताना चाकं फिरवत बसायला वेळ नसतो. दोन-तीन घरं मिळून एक टेलिस्कोप आणला तर फारच छान. पक्ष्यांच्या पायातली रंगीत पट्टी त्यातूनच वाचता येते. अशी पट्टी दिसली तर रंग, कोणत्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली आणि त्यावरची अक्षरं लगेच लिहून घ्या आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. हा पक्षी कुठे पकडून सोडला होता ते त्यावरून कळतं.

कपड्यांबद्दल थोडक्यात: मातकट, खाकी, हिरवट रंग, पूर्ण बाह्या, कारण खारफुटीतले डास पहाटे आणि तिन्हीसांजेला सोडत नाहीत, काठाची टोपी, कारण ऑक्टोबरची उन्हं डोक्यात जातात. घामाच्या धारा लागतात तेव्हा नुसतं पाणी पुरत नाही, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत बाटलीत भरून घ्या. परतीचा पाऊस दसऱ्यापर्यंत कधीही गाठतो, तेव्हा दुर्बिणीसाठी एक जाड प्लॅस्टिकची पिशवी. पायात मागून पट्टा असलेली, भिजली तरी चालतील अशी पादत्राणं घाला, आणि बांधावरून खाली गाळात उतरू नका. वरून घट्ट दिसणारा गाळ आत गुडघ्याएवढा असतो, आणि तिवराची वर आलेली श्वसनमुळं पायाखाली मोडतात ती वेगळीच. डबा न्या, पण जे नेलं ते सगळं परत आणा, केळ्याच्या सालीसकट.

जायचं कसं हे जागेवर ठरतं. ऐरोलीला ट्रान्स-हार्बर लोकलने उतरून रिक्षा केली की वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र येतं. खाडीतली बोट तिथूनच सुटते. बोटीची वेळ भरतीवर ठरते म्हणून जागा आधी नोंदवा आणि केंद्र कोणत्या दिवशी बंद असतं तेही विचारून घ्या. बोटीत उभं राहून ओरडू नका. पुढचे चार थवे त्याच आवाजाने उठतात. सीवूड्सचं तळं स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर नसलं तरी रिक्षाने सोपं. उरणच्या पाणथळींकडे जायला जानेवारी 2024 पासून थेट लोकल आहे, पण पुढचा रस्ता उन्हाचा आणि ट्रेलरच्या रहदारीचा. तिकडे माहीतगार सोबतीशिवाय मुलांना नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वागणुकीची तयारी. भरतीला विसावलेला थवा हा दमलेला थवा असतो. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला अंगावर चरबी चढवायची असते, आणि तुम्ही चार पावलं जास्त पुढे गेलात की तो उठून, गिरकी मारून, जमवलेलं तेवढं खर्च करतो. माना वर झाल्या, सगळ्यांची तोंडं एका दिशेला वळली, की तिथेच थांबा. ती सूचना असते. थवा उडतानाचा फोटो मिळावा म्हणून टाळी वाजवणारा, दगड मारणारा कुणी बरोबर असेल तर त्याला पुढच्या वेळी बोलावू नका. ड्रोन घरी ठेवा. नोव्हेंबरात समुद्रपक्षी, म्हणजे कुरव, आले की खाडीपुलांवर आणि जेट्ट्यांवर शेव-गाठ्या उधळणं सुरू होतं. ते तळलेलं-खारवलेलं खाणं त्यांचं नाही. मुलांनी हट्ट केला तरी पुडा घेऊ नका आणि का घेत नाही ते सांगा. नवरात्रानंतरचं निर्माल्य कलशात जाऊ द्या, खाडीत नको. दिवाळीत तळ्याकाठी फटाके लावू नयेत, हे सोसायटीच्या सूचनाफलकावर लावायची जबाबदारी एखाद्याने घ्यावी.

वही-पेन्सिल हवीच. तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, भरतीची वेळ, जागा, आणि दिसलेला प्रत्येक पक्षी, कावळा-घार धरून. नाव नाही आलं तर आकार, चोच, पायांचा रंग लिहा. खोटं नाव लिहिण्यापेक्षा 'तुतारीसारखा, ओळखला नाही' हे लाखमोलाचं. मोठा थवा मोजायचा तर दहा पक्षी मोजून तेवढी जागा डोळ्यांत धरायची आणि तशा किती जागा भरतात ते बघायचं. घरी आल्यावर यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवा. ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शनिवारी जागतिक स्थलांतरित पक्षी दिन असतो, आणि 5 ते 12 नोव्हेंबर हा आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह: मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांमधले दिवस. नवीन माणसांना पहिल्यांदा न्यायला हे दिवस उत्तम, फक्त तिथी बघून वेळ ठरवा. सराव झाला की जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत नाव द्या.

हे नोंदींचं काम मी छंद म्हणून सांगत नाही. खाडीचा सुमारे 1,690 हेक्टरचा पट्टा 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, आणि 2022 मध्ये ठाणे खाडी 6,521 हेक्टरची रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरली. म्हणजे पक्ष्यांच्या जेवणाच्या जागेला संरक्षण मिळालं. भरतीला ते जिथे विसावतात त्या तळ्यांपैकी बहुतेक अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहिली. एकाशिवाय दुसरी निरुपयोगी आहे; दिवसातून दोनदा बसायला जागा न मिळाली तर गाळात कितीही अन्न असून पक्षी टिकणार नाहीत. सीवूड्सच्या डीपीएस तळ्यात खाडीचं पाणी यायच्या वाटा बुजल्या तेव्हा 2024 च्या उन्हाळ्यात काय झालं ते आसपासच्या सगळ्यांनी पाहिलं: तळं सुकलं आणि त्याच काळात रोहित मेले. रहिवाशांनी फोटो, तारखा, नोंदी घेऊन पाठपुरावा केला, आणि 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हे तळं संवर्धन राखीव करायला मंजुरी दिली. नुसत्या हळहळीवर हे झालं नसतं.

म्हणून प्रत्येक फेरीत दहा मिनिटं पक्ष्यांकडे पाठ करून उभं राहायची तयारी ठेवा. पाणी आत यायचे नाले, पाइप उघडे आहेत का बघा. बांधालगत राडारोड्याचे नवे ढीग पडलेत का, खारफुटी तोडली किंवा पिवळी पडली आहे का, तेही. दर वेळी त्याच जागेवरून, त्याच दिशेला, लोकेशन चालू ठेवून एक फोटो काढा. चार महिन्यांचे असे फोटो शेजारी ठेवले की भराव कधी सुरू झाला ते सांगता येतं. कांदळवनाला मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2018 च्या निकालाचं भक्कम संरक्षण आहे. तोड किंवा भराव दिसला तर तिथे वाद घालत बसू नका, वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा आणि लेखी तक्रार कांदळवन कक्षाकडे द्या. पाणथळींसाठी न्यायालयाच्या आदेशाने नेमलेली तक्रार निवारण समिती आहे, ती कोकण विभागीय आयुक्तांच्या अखत्यारीत. तक्रारीत रागाची विशेषणं नकोत. जागा, तारीख, वेळ, भरतीची स्थिती, आधीचा फोटो, आताचा फोटो आणि त्या जागी तुम्ही नोंदवलेल्या पक्ष्यांची यादी जोडा, पोच घ्या, आणि पुढची फेरी पंधरा दिवसांनी, त्याच तिथीला, त्याच बांधावर ठरवून टाका.