क्रुसेडर किंग्ज ३: आयर्लंडचे रुसलेले सरदार

क्रुसेडर किंग्ज ३ या मध्ययुगीन राजेशाहीच्या व्हिडिओ गेममध्ये १०६६ ला आयर्लंडमधल्या मन्स्टरचा राजा घेऊन सुरुवात केली, आयर्लंडचा मुकुट मिळाला, आणि सरदारांची तोंडं वाकडी झाली. एकाचं माझ्याबद्दल मत किती चांगलं-वाईट आहे त्या आकड्यावर कर्सर नेला तर कारण तिथेच लिहिलेलं: राजाकडे डची (अनेक काउंटी, म्हणजे छोटे परगणे, मिळून होणारा प्रांत) जास्त आहेत. दोनपर्यंत चालतात, तिसरीपासून कुरबुर. माझ्याकडे मन्स्टर, लेन्स्टर आणि कॉनॉट. शिवाय स्वतःकडे ठेवता येतात त्या मर्यादेबाहेर काउंटी गेल्यामुळे कर आणि फौज दोन्ही घटलेले.

मन्स्टर सोडायचा प्रश्नच नव्हता, राजधानी तिथेच. लेन्स्टर धाकट्या मुलाला दिलं, सोबत तिथली एक काउंटीही. इथे दुहेरी फायदा आहे: वाटणीच्या वारसाहक्कात, म्हणजे जमीन मुलांमध्ये वाटली जाते तेव्हा, त्याला आधीच मिळालेली जमीन त्याच्या हिश्श्यात धरली जाते, त्यामुळे मी मेल्यावर थोरल्याच्या काउंटींना कमी कात्री लागते. नंतर लेन्स्टरमधले काउंट (काउंटी सांभाळणारे सरदार) त्याच्याच हाताखाली वर्ग केले. माझे थेट मांडलिक कमी, डोकेदुखीही कमी.

कॉनॉट मात्र ठेवलं. दोनाची मुभा आहे तर एक फुकट का घालवा? कर्जबाजारी लढाया लढण्यापेक्षा हे वाटप स्वस्त पडलं. बंडाची तयारी करणारा गट थोड्याच काळात विरघळला; उरलेल्या एका हट्टी काउंटला सोन्याची भेट पाठवली.