शास्त्रज्ञ उत्तर देण्याआधी तुमचं नाव शोधतात

फ्रीलान्स विज्ञानलेखनात उतरू पाहणारी मुलंमुली हमखास विचारतात, "ताई, फॉलोअर किती हवेत?" ते राहू द्या. आपलं नाव गुगलवर टाकून बघा, मराठीत आणि इंग्रजीतही. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात किंवा कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) तुमची ईमेल पोचली की समोरचा माणूस आधी तेच करतो. त्याला एकच धास्ती असते: ही बाई माझ्या तोंडी भलतंसलतं घालणार नाही ना? तुमच्या ऑनलाइन पानाने, म्हणजे स्वतःची ओळख आणि लेख एकत्र ठेवलेल्या वेबपेजने, ती धास्ती घालवायची. संपादकांचं नंतर बघू.

पानावर सगळ्यात वर दोन ओळी: कशावर लिहिता, कुठे छापून आलंय. "विज्ञान, आरोग्य, अवकाश, सगळंच" असं लिहिलंत तर कुणालाच काही कळत नाही. मी 'मुंबईतले साथीचे रोग' एवढंच ठेवलंय. पावसाळा आला की लेप्टोवर (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसवर) लेख मागितला जातोच, आणि मागे जायचं तर १८९७ साली जीवाणूतज्ज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी याच शहरात प्लेगची लस तयार केली, तिथवर जाता येतं. खाली पाच-सहा लेख पुरेत.

ते लेख ठेवताना मात्र नीट ठेवा. ई-पेपरचं कात्रण फोटो म्हणून चिकटवलं तर त्यातला मजकूर सहसा शोधात सापडत नाही. श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमधला मजकूर तसाच पेस्ट केला तर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. सगळं युनिकोडमध्ये (कुठल्याही फोनवर, संगणकावर नीट दिसणाऱ्या टायपिंगमध्ये) आणा आणि पीडीएफ स्वतःजवळ ठेवा, कारण वेबसाइटचं रूप बदललं की जुन्या लिंका बंद पडतात.

आपला छापून आलेला लेख आपल्या पानावर टाकता येतो का? १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या लेखकाचे हक्क लेखी कराराशिवाय दुसऱ्याच्या नावावर होत नाहीत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. म्हणून 'सर्व हक्क कायमचे' असा कागद आला तर सही करण्याआधी विचारा, काही महिन्यांनी माझ्या पानावर टाकू का? बरेच संपादक चटकन हो म्हणतात. त्यांना आधी कुणी विचारलेलंच नसतं. मानधन किती, कधी, लेख रद्द झाला तर काय, हेही त्याच ईमेलमध्ये उरकून घ्या. फोनवरच्या "देऊन टाकू हो" वर लाइटबिल भरता येत नाही.

शास्त्रज्ञाला लिहिताना "तुमच्या संशोधनाविषयी माहिती हवी" असं मोघम नको. पेपर वाचा, एखाद्या आलेखावर नेमकं बोट ठेवून विचारा. प्रीप्रिंट असेल तर तज्ज्ञांकडून तपासणी व्हायची आहे हे लेखात सांगा, आणि प्रयोग उंदरांवर झाला असेल तर उंदीर शीर्षकातच येऊ द्या. पूर्ण मसुदा मी कुणालाही पाठवत नाही. त्यांची वाक्यं आणि आकडे तेवढे फोनवर वाचून दाखवते.

आणि पानाच्या तळाशी एक ओळ टाका: 'चूक आढळल्यास कळवा, तारखेसह दुरुस्त करेन.' एका प्राध्यापिकेने ती वाचूनच मला वेळ दिली होती. वेळ टीआयएफआरमधली मिळाली तर ओळखपत्र बरोबर ठेवा. ही संस्था नौदलाच्या वसाहतीत, नेव्ही नगरात आहे, गेटवर लेखक म्हणून कुणी सोडत नाही.