आंबा की फणस? तुलना करताना या चुका टाळा

मे महिना लागला की माझ्या टेबलासमोर रोज दोन-तीन माणसं तरी हा प्रश्न घेऊन बसतात. "मॅडम, आंबा चांगला की फणस?" विचारणाऱ्याने उत्तर बहुतेक आधीच ठरवलेलं असतं, त्याला फक्त माझा शिक्का हवा असतो. रत्नागिरी जिल्ह्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना दर हंगामात मी त्याच त्याच चुका बघते. यातली सगळ्यात महागात पडलेली चूक माझ्या हातून झाली होती, म्हणून ती आधी सांगते.

एक काका आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायचे. मधुमेह जुना, मूत्रपिंडं त्यानेच गेलेली. मी त्यांना तक्ता लिहून दिला: केळं, संत्रं, मोसंबी, शहाळं, आंबा, सुकामेवा बंद. फणसाचं नाव त्यात नव्हतं. शिकत असताना मिळालेल्या छापील नमुन्यावरून मी तो तक्ता उतरवला होता आणि नमुन्यात फणस नव्हता. खिडकीबाहेर फणसाचं झाड दिसत असताना मी तो तक्ता लिहिला, याचं मला आजही वाईट वाटतं.

आंबा बंद म्हटल्यावर काका हिरमुसले. घरच्यांनी परसातला कापा, म्हणजे कडक गऱ्यांचा, फणस फोडला आणि ताटलीभर गरे त्यांच्यापुढे ठेवले. झाडावरचा, फवारणी नाही, पावडर नाही, मग अपाय कसला? दुपारभर येता-जाता ते खात राहिले. संध्याकाळी ओटीची पायरी चढताना पाय उचलेना. घरच्यांना वाटलं अशक्तपणा आहे, म्हणून पायांना तेल चोळलं. रात्री छातीत धडधडायला लागलं तेव्हा रुग्णालयात नेलं. अधू मूत्रपिंडांना जे नीट बाहेर टाकता येत नाही, ते रक्तातलं पोटॅशियम ७.२ निघालं. ते साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असावं लागतं. ईसीजी बिघडलेला होता. त्याच रात्री डायलिसिस केलं म्हणून काका वाचले.

दुसऱ्या दिवशी काकांच्या सुनेला मी विचारलं, किती गरे खाल्ले असतील? म्हणाली, "वीसेक तरी." घरी येऊन मी काप्याचे दहा गरे आठळ्या काढून वजनकाट्यावर ठेवले. एक गरा सरासरी २२ ग्रॅमचा भरला. म्हणजे वीस गऱ्यांचे ४४० ग्रॅम. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम पिकल्या फणसात साधारण ४४८ मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, आंब्यात १६८. काकांच्या पोटात त्या दुपारी एकट्या फणसातून जवळजवळ दोन ग्रॅम पोटॅशियम गेलं. डायलिसिसच्या बऱ्याच रुग्णांना आख्ख्या दिवसात मिळून साधारण तेवढंच चालतं. मी बंद केलेल्या आंब्याच्या दोन फळांतून याच्या पावपट गेलं असतं.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक तक्त्यावर फणस मी हाताने लिहिते आणि त्याखाली रेघ ओढते. ज्यांची मूत्रपिंडं अधू आहेत त्यांनी दोन्ही फळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नयेत, आणि फणसाच्या बाबतीत तर स्वतःच्या मनाने एक गराही नाही. मूत्रपिंड थोडं अधू असेल आणि रक्तदाबासाठी रामिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, तरीही हेच लागू आहे, कारण या गोळ्या पोटॅशियम शरीरात धरून ठेवतात. निरोगी माणसाला मात्र हेच पोटॅशियम उपकारक आहे. त्याने माझी गोष्ट वाचून फणसाला घाबरू नये.

आता दुसरी चूक. ही मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती शिकलेली माणसं करतात. "फणस मधुमेहावर औषध आहे" असा मजकूर मोबाईलवर येतो आणि लोक पिकले गरे खायला बसतात. ती बातमी कच्च्या फणसाची असते. कच्च्या फणसाच्या पिठावर आपल्याकडे अभ्यास झाला आहे. रोजच्या भाताच्या किंवा चपातीच्या काही भागाऐवजी ३० ग्रॅम पीठ तीन महिने दिल्यावर मधुमेहींची साखर खाली आली. त्या बातमीतले दोन शब्द वाचणारा हमखास गाळतो: एक "कच्चा", दुसरा "ऐवजी". कच्च्या फणसात स्टार्च आणि चोथा असतो. फणस पिकतो तेव्हा त्याच स्टार्चची साखर होते, म्हणून तर गरा गोड लागतो. १०० ग्रॅम पिकल्या गऱ्यात १९ ग्रॅमच्या आसपास साखर असते, अमेरिकेच्या त्याच तक्त्यातल्या आंब्यात १४ च्या आसपास. उष्मांक बघा, फणसाचे ९५ आणि आंब्याचे ६०. म्हणजे आंबा सोडून पिकला फणस धरणारा मधुमेही आगीतून फुफाट्यात जातो.

आपल्या भाषेत तर हा घोळ व्हायलाच नको होता. कोवळा फणस म्हणजे कुयरी, पिकला की गरे. कुयरीची भाजी वेगळी आणि गरे वेगळे, हे आजीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. कैरी खाल्ली म्हणून कुणी "मी आंबा खाल्ला" म्हणत नाही. मग फणसाच्या बाबतीतच सगळं एका शब्दात का कोंबायचं? मधुमेह असेल तर कुयरीची भाजी खुशाल करा, तीही भाताचा एक वाढा कमी करून. भात तेवढाच आणि वर भाजी, असं केलंत तर अभ्यासातला फायदा तुमच्या ताटात येणार नाही. ही "वर आणखी" घेण्याची सवय फार चिवट आहे. पथ्याचा पदार्थ सांगितला की लोक तो जेवणात मिळवतात, जेवणातलं काही काढत मात्र नाहीत.

वरचे आकडे वापरतानाही एक सावधगिरी हवी. अमेरिकेच्या तक्त्यातला आंबा म्हणजे आपला हापूस नव्हे. चांगल्या पिकल्या हापूसची गोडी १८ ते २० ब्रिक्सपर्यंत (रसाची गोडी मोजायचं माप) जाते, म्हणजे साखरेत तो फणसाच्या बराच जवळ येतो. त्यामुळे "आंबा हलका" असं म्हणून तीन हापूस कापू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले आहेत, तुमच्या आहारतज्ज्ञाला त्यातून बघायला सांगा.

मापात घोळ घालणं हीसुद्धा नेहमीची चूक. एक आंबा आणि एक गरा यांची तुलना होऊ शकत नाही. अडीचशे ग्रॅमचा हापूस मी घरी कापला, तेव्हा साल आणि कोय जाऊन १६० ग्रॅमच्या आसपास गर हाती लागला. म्हणजे एक आंबा आणि सात गरे ही बरोबरीची जोडी झाली. मी स्वतः वाटी धरते. एका वेळी कापलेल्या फळाची एक वाटी, मग त्यात काय घालायचं ते घालणाऱ्याने ठरवावं. आमरस मात्र वाटीने मोजायला माझा विरोध आहे, कारण रस काढला की तीन आंबे कसे पोटात गेले ते कळतच नाही.

जीवनसत्त्वांत कोण जिंकतं, हेही लोक विचारतात. 'अ' आणि 'क' मध्ये आंबा बराच पुढे. 'ब-६', मॅग्नेशियम आणि पोटॅशियममध्ये फणस. चोथा दोघांत जवळपास सारखाच. घरात लहान मूल असेल तर आंबा द्या. उन्हात राबणाऱ्या, धडधाकट माणसाला चार गरे जास्त दिलेत तरी चालतील.

आता "आंब्यात केमिकल, फणस शुद्ध" हा समज. आंबा पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरायला आपल्या देशात बंदी आहे आणि ती योग्यच आहे. कार्बाइडला ओलावा लागला की ॲसिटिलीन वायू सुटतो, आणि बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असतात. इथिलीन वायूचं तसं नाही. तो फळ स्वतःच पिकताना सोडतं, आणि ठरलेल्या मर्यादेत तो वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची परवानगी आहे. लोक या दोन्हींना एकच "पावडर" म्हणतात आणि गोंधळतात.

त्यातून आलेली पाण्याची परीक्षा तर मला अजिबात पटत नाही. आंबा बादलीत टाका, बुडला तर नैसर्गिक, तरंगला तर कार्बाइडचा, असं सांगतात. अहो, आमच्या बागायतदारांना ही बादली पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, पण ती फळाची तयारी बघायला. भरलेलं, चौदा आणे तयार फळ पाण्यात बुडतं, कोवळं तरंगतं. कोवळं काढलेलं फळ पिकवायला कार्बाइड लावलेलं असू शकतं, एवढाच काय तो संबंध. तयार फळालाही कुणी कार्बाइड लावलं तर ते निमूट बुडेल. मी नाकावर आणि देठावर विश्वास ठेवते. सगळी पेटी एकसारखी पिवळीधमक आहे, देठाशी वास नाही आणि कापल्यावर आत आंबटढोण निघतो, तर त्या माणसाकडून पुन्हा घेत नाही. जमलं तर कच्ची पेटी घ्या, पेंढ्यात आढी लावा आणि आठ-दहा दिवस थांबा. या थांबण्याचाच हल्ली लोकांना कंटाळा येतो. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी पिकलेला आंबा मागणारी गिऱ्हाइकं आहेत तोवर कार्बाइडही राहणार.

आणि फणस शुद्ध म्हणाल, तर महामार्गाच्या कडेला कापून पिशवीत भरलेले गरे आठवा. अख्खा फणस काटेरी सालीत सुरक्षित असतो. उघडलेला गरा मे महिन्याच्या उन्हात, माश्यांत आणि धुळीत तासन्‌तास पडून असतो, तो कुणाच्या हातातून आला हेही माहीत नसतं. मी ते कधीच घेत नाही. अख्खा घ्या, घरी फोडा, उरलेले गरे झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.

फार पिकलेल्या बरक्याला, म्हणजे मऊ गऱ्यांच्या फणसाला, आंबूस वास यायला लागला, तर तो साखर आंबायला लागल्याचा वास असतो. २०२५ च्या जुलैत केरळात पंदळमच्या बस डेपोत फणस खाल्लेले चालक मद्यपानाच्या चाचणीत अडकले होते, आणि एका चालकाला मुद्दाम गरे खायला देऊन पुन्हा तपासल्यावर कारण कळलं. असा फणस सांदणाला, म्हणजे फणसाच्या रसातल्या वाफवलेल्या इडलीलाही, वापरू नका.

चिकाच्या बाबतीत दोन्ही फळांना एकच उपाय करणारे मी खूप पाहिले. फणसाचा चीक रबरासारखा चिवट, पाण्याने सुटत नाही, म्हणून फोडण्याआधीच हाताला आणि कोयत्याला खोबरेल लावायचं. आंब्याचा चीक त्वचा जाळतो. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, त्यामुळे ज्यांना बिब्बा उततो त्यांनी आंब्याच्या देठाशी जपून राहावं. त्याला साबण आणि भरपूर पाणी हाच उपाय. मी आंबे अर्धा तास पाण्यात ठेवते, देठाकडची चकती कापून टाकते आणि मगच मुलांच्या हातात चोखायला देते. ओठांच्या कडेला काळे डाग पडलेलं मूल घेऊन आया येतात आणि "आंबा उष्ण पडला" म्हणतात. नव्वद टक्के वेळा तो न धुतलेला चीक असतो.

रबरी हातमोज्यांची ॲलर्जी असलेल्यांनी फणस पहिल्यांदा खाताना एकच गरा खाऊन बघावा. युरोपात राहणाऱ्या आपल्या माणसांनीही लक्षात ठेवावं, तिथे बर्च झाडाच्या परागकणांची ॲलर्जी असलेल्यांना फणसाने तोंड खाजल्याचं, सुजल्याचं आढळलं आहे.

राहिल्या बिया. आठळ्या खाण्याजोग्या आहेत, पण कच्च्या नाही. त्यांच्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात आणि ते शिजवल्याने निकामी होतात. मिठाच्या पाण्यात उकडा किंवा चुलीत भाजा. बोटाने दाबल्यावर पिठूळ फुटली की झाली. आठळी खातात तशी आंब्याची कोयही चालेल, असं मात्र धरू नका. ओडिशात कंधमाल जिल्ह्यात २०२४ साली साठवलेल्या कोयींच्या गराची पेज खाऊन माणसं दगावली. दमट हवेत कोयीला आतून बुरशी लागते आणि वरून ती दिसत नाही. आठळ्याही ओल्याच डब्यात भरून ठेवल्या तर बुरसतात. आमच्याकडे त्या माती लावून, वाळवून कोनाड्यात ठेवायचे आणि पावसाळ्यात भाजीत घालायचे. मी कोरड्या वाळूत ठेवते आणि काळा ठिपका दिसला की ती आठळी सरळ खतात टाकते.