रोझेशियाचं क्रीम लावताय? या चुका टाळा

रोझेशिया या चेहऱ्यावर लाली आणि पुरळ आणणाऱ्या त्वचेच्या आजारात गाल लाल होऊन चुरचुरायला लागले की आपण मेडिकलमध्ये जातो आणि 'एखादी चांगली ट्यूब द्या' म्हणतो. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक, कारण अशा वेळी बऱ्याचदा स्टेरॉइडची ट्यूब हातात येते. चार दिवसांत चेहरा छान दिसतो आणि विश्वास बसतो. पुढे कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा उमटतात, ट्यूब थांबवली की चेहरा आधीपेक्षा जास्त पेटतो. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलंय का, ते आजच बघा. लावत असाल तर त्वचेच्या डॉक्टरांना न लाजता सांगा. ती कशी सोडायची ते त्यांनाच ठरवू द्या.

गव्हाळ-सावळ्या रंगावर लाली चटकन कळत नाही, म्हणून रोझेशियाला मुरुमं समजून मुरुमांची औषधं चोपडली जातात. त्याने आग आणखी वाढते.

दुसरा गोंधळ औषधाच्या कामाबद्दल. मेट्रोनिडाझोल, आयव्हरमेक्टिन ही मुख्यतः फोड-पुरळांसाठी असतात आणि त्यांना 8 ते 12 आठवडे द्यावे लागतात. माझ्या मावशीने तिसऱ्याच आठवड्यात 'गुण नाही' म्हणून ट्यूब कपाटात टाकली होती. फार वाईट वाटलं मला. ब्रिमोनिडीन जेलचं तसं नाही. ते रक्तवाहिन्या आकसवतं, अर्ध्या तासात लाली उतरायला लागते आणि असर साधारण 12 तास टिकतो. मात्र काहींची लाली नंतर दुपटीने उसळते. घाबरून पुन्हा थर देऊ नका. दिवसातून एकदाच लावायचं, आणि असं झालं तर डॉक्टरांना कळवायचं. पहिल्यांदा लावताना सुट्टीचा दिवस निवडा, घरच्या लग्नाची सकाळ नको. बीपीच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर तेही आधीच सांगा.

ब्रिमोनिडीन लावताना दर भागासाठी मटारच्या दाण्याएवढं जेल घ्या. कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गालांवर एकेक ठिपका, मग हलक्या हाताने पसरवा. पापण्या आणि ओठ सोडा, नंतर हात धुवा. धुतलेला चेहरा नीट कोरडा होऊ द्या, ओल्या कातडीवर जास्त झोंबतं.

सनस्क्रीन न लावता उन्हात गेलात, फोडणीच्या वाफेवर तोंड धरलंत, तर क्रीम बिचारं किती पुरणार? आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत असेल तर चेहऱ्याचं क्रीम तिथे लावू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. रोझेशिया डोळ्यांतही उतरतो.