फवारणीनंतरच्या पहिल्या पावसाआधी

नदीत कीटकनाशक (तणनाशकही त्यातच धरा) शोधायला निघालेला माणूस बहुतेक वेळा उशिरा पोचतो. शेतात फवारणी होते, दोन-चार दिवसांनी जोराची सर येते, ओढा गढूळ होऊन फुगतो आणि काही तासांत ओसरतो. शेतातून निघालेल्या औषधाचा मोठा वाटा तेवढ्या वेळात वाहून गेलेला असतो. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला निवळशंख पाण्यात बाटली बुडवली तर अहवाल कोराच येणार. तो खोटा नसतो, पण त्याच्या भरवशावर नदी स्वच्छ म्हणणं चूक आहे. म्हणून इथली सगळी तयारी आभाळ भरून यायच्या आधी उरकायची आहे.

पहिलं काम चौकशीचं. पाणलोटात कोणती पिकं आहेत, कधी काय फवारलं जातं, हे शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊन विचारा. दोष द्यायला आलेलो नाही, हे आधी सांगा आणि तसंच वागा. डब्यावरचं कंपनीचं नाव कामाचं नाही, खालचा बारीक अक्षरातला सक्रिय घटक टिपून घ्या. ही यादी प्रयोगशाळेकडे आधीच पोचली पाहिजे, कारण नेहमीच्या तपासणीत जे शोधायला सांगितलं तेच मोजलं जातं. ग्लायफोसेट हे तणनाशक नेहमीच्या एकत्रित चाचणीत सापडत नाही, त्याची पद्धत वेगळी असते. विघटनातून तयार होणारे पदार्थही यादीत हवेत. अ‍ॅट्राझिन या तणनाशकाच्या मानाने त्याचा विघटित पदार्थ डीइथाइल-अ‍ॅट्राझिन फारच कमी असेल, तर औषध ताज्या फवारणीतून थेट वाहून आलं असण्याची शक्यता जास्त. ग्लायफोसेटच्या विघटनातून होणारा एएमपीए हा पदार्थ मात्र काही डिटर्जंटमधल्या फॉस्फोनेटमधूनही येतो. त्यामुळे वरच्या अंगाला सांडपाण्याचं तोंड आहे का, तेही नकाशावर मांडा.

यादी द्यायला जाल त्याच भेटीत प्रयोगशाळेला विचारा की तुम्ही किती कमी प्रमाण मोजू शकता. हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. युरोपीय संघात पिण्याच्या पाण्यात एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे आणि सगळ्यांची मिळून ०.५. तेवढं मोजता आलं की पुष्कळांना पुरेसं वाटतं. पण पायरेथ्रॉइड गटातली काही कीटकनाशकं पाण्यातल्या किड्यांना आणि झिंग्यांच्या जातीतल्या जिवांना लिटरमागे काही नॅनोग्रॅमलाच मारतात, आणि एक नॅनोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग. ०.०५ मायक्रोग्रॅमच्या खाली न दिसणारं यंत्र ‘आढळलं नाही’ असं छापत असताना ओढ्यातला जीव मरत असू शकतो.

जागा निवडताना मोठ्या नदीच्या मोहात पडू नका. छोट्या ओढ्याला लागून शेतं असतात आणि औषध पातळ करायला पाणी थोडं असतं. जर्मनीत २०१८ आणि २०१९ मध्ये शंभराहून जास्त लहान प्रवाह तपासले, तेव्हा पाण्याची पातळी पाच सेंटिमीटर चढली की आपोआप नमुना घेणारी यंत्रं लावली होती. यंत्र नसेल तर जवळ राहणारा, रात्री उठून जाईल असा माणूस आधीच ठरवा. ओढा पुढे मोठ्या नदीला मिळत असेल तर या उपनदीचा नमुना संगमाच्या इतका वर घ्या की पुरात मुख्य नदीचा फुगवटा तिथवर चढणार नाही. मुख्य नदीचे दोन नमुने, संगमाच्या वर एक आणि खाली एक. खालची जागा बरीच दूर लागते, कारण दोन पाणी एकाच पात्रात लांबवर न मिसळता शेजारी शेजारी वाहतात. काठापासून काठापर्यंत विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज जाते ते, मोजत जा. आकडा सगळीकडे सारखा आला म्हणजे पाणी मिसळलं.

बाटल्या तपकिरी काचेच्या, झाकणाला आतून टेफ्लॉन. ग्लायफोसेटसाठी मात्र प्लॅस्टिकच्या, कारण ते काचेला चिकटतं. बाटली प्रयोगशाळेतून धुऊन आलेली असेल तर नदीच्या पाण्याने विसळू नका आणि एका बाटलीतलं पाणी दुसरीत ओतू नका. पायरेथ्रॉइड भिंतीला धरून बसतं. रिकामी झालेली बाटलीही द्रावकाने धुऊन ते द्रावक नमुन्यात धरायला प्रयोगशाळेला सांगून ठेवा. शुद्ध पाण्याची एक बाटली काठावर नेऊन तिथेच उघडा, भरा, बंद करा. तिच्यात काही निघालं तर ते आपल्याच हातचं. नायट्राइलचे हातमोजे हवेत, आणि त्या दिवशी अंगाला डास पळवणारं मलम लावायचं नाही, कपड्यांवर फवाराही मारायचा नाही. त्यातली रसायनं शोधयादीतच असू शकतात.

बर्फाची पेटी, चिठ्ठ्या, पेन्सिल, घड्याळ, विजेरी: हे सगळं एका पिशवीत बांधून दाराशी ठेवा. पुराच्या पाण्यात उतरायचं नाही. पुलावरून दोरीने बाटली सोडता येते, आणि जाताना नेहमी दोघांनी जायचं.

प्रवाह मोजायची सोय नसेल तर अर्धंच काम होईल. लिटरला एक मायक्रोग्रॅम हे प्रमाण क्षुल्लक वाटतं, पण सेकंदाला एक घनमीटर पाणी वाहत असेल तर दिवसाला ८६.४ ग्रॅम औषध पुढे जातं. कोणत्या उपनदीने किती आणलं हे वजनावरून कळतं, नुसत्या प्रमाणावरून नाही. पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी आधी रोवा, पात्राचा आडवा छेद कोरड्यात मोजून ठेवा.

नमुने थंड राहिले तरी पुष्कळ पद्धतींत सात दिवसांच्या आत त्यांवर काम सुरू व्हावं लागतं. पाऊस सुट्टी बघून पडत नाही, म्हणून शनिवारी रात्री पेटी घेऊन गेलो तर प्रयोगशाळेचं दार कोण उघडेल, त्याचा फोन नंबर आजच मागून घ्या.