पृष्ठभागावरील ग्राहींवरून न्यूट्रोफिलची वाढ कशी ओळखावी

अस्थिमज्जेतील न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणारी एक पांढरी पेशी) वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे पृष्ठभागावरील एकाच खुणेवरून ठरवू नये. कोणती खूण आधी आली, कोणती मागाहून आली आणि कोणती मध्येच ओसरली, हे सलग पाहावे. कोल्हापुरात फ्लो सायटोमेट्री (चमकणारे रंग जोडलेल्या प्रतिपिंडांनी आणि लेसरने पेशी ओळखण्याची पद्धत) शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे टिपण आहे.

सुरुवात नमुन्यापासूनच करावी. चंदगड किंवा आजऱ्याहून एप्रिलच्या उन्हात गाडीने येणारा मज्जेचा नमुना ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या नळीत असावा आणि वाटेत तापू नये, कारण सीडी ११बी (‘सीडी’ आणि क्रमांक ही पृष्ठभागावरील खुणांची नावे) हा ग्राही पेशीच्या आतील कणिकांमध्येही साठवलेला असतो आणि हाताळणीने किंवा तापमान बदलल्याने पेशी चेतवली गेली, की तो झपाट्याने पृष्ठभागावर येतो. ही वाढ परिपक्वतेची नव्हे. याउलट मरू लागलेला न्यूट्रोफिल सीडी १६ गमावतो आणि आहे त्याहून कोवळा भासतो. म्हणून मृत पेशी दाखवणारे ७-एएडीसारखे रंगद्रव्य वापरावेच. प्रतिपिंडे मिसळून नळी १५ ते २० मिनिटे अंधारात ठेवावी, तांबड्या पेशी विरघळवून नमुना धुवावा आणि सीडी ४५ (पांढऱ्या पेशींवरील खूण) व साइड स्कॅटर (पेशीतील कणिकांमुळे बाजूला विखुरलेला प्रकाश) यांच्या आलेखावर गेट लावावे, म्हणजे हवा तो पेशीगट निवडावा.

न्यूट्रोफिल मायलोब्लास्ट, प्रोमायलोसाइट, मायलोसाइट आणि मेटामायलोसाइट या अवस्थांतून क्रमाने वाढतो. मायलोब्लास्टवर सीडी ३४, सीडी ११७ आणि एचएलए-डीआर असतात. प्रोमायलोसाइट होताना सीडी ३४ आणि एचएलए-डीआर जातात, सीडी १५ येतो आणि सीडी १३ ठळक राहतो. मायलोसाइटवर सीडी १३ फिका पडतो, आणि पूरक प्रथिनांना धरणाऱ्या ग्राहीचा घटक असलेला सीडी ११बी दिसू लागतो. मेटामायलोसाइटपासून सीडी १६, म्हणजे आयजीजी या प्रतिपिंडाला धरणारा ग्राही, वाढत जातो आणि त्याच्यासोबत सीडी १३ पुन्हा चढतो. सीडी १० सर्वांत शेवटी, पूर्ण परिपक्व न्यूट्रोफिलवर येतो. सीडी १३ आणि सीडी १६ एकाच आलेखावर मांडले, तर निरोगी मज्जेत ही वाटचाल एका सलग वळणाच्या रूपात दिसते. ते वळण नजरेत पक्के बसेपर्यंत निरोगी नमुने पाहत राहावे. तक्ता पाठ करण्यापेक्षा मला हे कितीतरी मोलाचे वाटते.

सीडी ११बी आहे पण सीडी १६ नाही, असा मोठा गट दिसला, तर वाढ खुंटली असे लगेच लिहू नये. त्या इओसिनोफिल (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) असू शकतात. त्यांचा सीडी ४५ अधिक ठळक असतो आणि त्या रंगाशिवाय स्वतःही चमकतात. तसे नसेल आणि सीडी १० असलेल्या परिपक्व न्यूट्रोफिलवरही सीडी १६ नसेल, तर पीएनएच या तांबड्या पेशी फुटत जाणाऱ्या रक्तविकाराची शंका घ्यावी, कारण न्यूट्रोफिलवरील सीडी १६ जीपीआय या दुव्याच्या आधाराने पृष्ठभागाला जोडलेला असतो आणि पीएनएचमध्ये हा आधारच नीट तयार होत नाही. अशा वेळी त्याच आधारावरील सीडी २४ आणि सीडी ६६बी तपासूनच अहवाल द्यावा.